घरचा थर

पवनचक्कीचं तिसरं पातं क्रेनच्या दोरांना लोंबत होतं आणि काट्यावरचा आकडा स्थिर व्हायची वाट बघत इंजिनिअर पट्टी खाली उभी होती. आकडा स्थिरावला. तिने तो वाचला, पातं खाली ठेवायला लावलं आणि पुन्हा उचलायला सांगितलं. आकडा तोच आला.

"अजून एकदा?" क्रेनवाल्याने वरून विचारलं.

"नको. राहू दे."

सहा टनांहून जड असलेल्या पात्यात वीस-बावीस किलो जास्त म्हणजे काहीच नाही, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण पवनचक्कीला तीन पाती असतात आणि ती एकाच आसाभोवती वर्षानुवर्षं फिरत राहतात. त्यातलं एक जरी जास्त भरलं तर दर फेरीला अख्खा मनोरा त्या बाजूला ओढला जातो. पट्टीने हे शेडमधल्या प्रत्येकाला कधी ना कधी समजावून सांगितलं होतं. लहानपणी हातात सदा फूटपट्टी घेऊन आजोबांच्या होड्या मोजत फिरायची म्हणून घरात तिचं नाव पट्टी पडलं होतं. आता ती इथली मुख्य इंजिनिअर होती, पाती तिच्या आराखड्यावर घडत होती, पण नाव काही सुटलं नव्हतं.

तिने बुडाकडच्या आणि टोकाकडच्या दोन्ही काट्यांचे आकडे ताडून पाहिले. जास्तीचं वजन बुडात नव्हतं, टोकातही नव्हतं. मध्याच्या जरा पुढे, एकाच जागी होतं. तिने मान वर करून शेडच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे आप्पा, तिचे आजोबा, उपड्या बादलीवर बसून पहिल्या पात्याची कड अंगठ्याने चाचपत होते. अंगात नवा शर्ट. चेहरा अगदी खुशीत.

चोर शोधायची गरजच नव्हती.

*

ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली. पट्टीच्या वडिलांनी दार लावून घेतलं. त्यांना सगळी शेड दादा म्हणत असे. त्यांची धाकटी बहीण म्हणत होती, तेच नाव सगळ्यांनी उचललं होतं. ती बहीण, म्हणजे पट्टीची आत्या, आधीच येऊन हाताची घडी घालून उभी होती. सर्वांत धाकटा भाऊ कोणी न बोलावता आत आला आणि खिडकीशी टेकला. तो खाडीपलीकडे अजून लाकडी होड्या बांधत असे. घरच्या होड्यांच्या आवारात पवनचक्कीची पाती घडायला लागली तेव्हा तो भांडून गेला होता, आणि आज पहिल्या संचाचं वजन होणार म्हणून "सहज" आला होता.

"किती?" दादाने विचारलं.

"बावीस किलो."

"रेझिन जास्त पडलं असेल."

"रेझिन सगळीकडे पसरतं, बाबा. हे एका जागी आहे."

"मग?"

"मग काय मग?" आत्या म्हणाली. "घरचा थर आहे तो. विचारायचं काय त्यात?"

घरचा थर काय असतो हे या खोलीत कोणाला सांगावं लागणार नव्हतं. ठरलेलं काम पुरं झालं की आप्पा प्रत्येक होडीला स्वतःच्या हाताने थोडं जास्त देत. लाकडाच्या काळात ती तळाला एक जास्तीची फळी असे. काचेचं कापड आणि ते चिकटवून घट्ट करणारं रेझिन आल्यावर, जिथे होडी वाळूवर घासते तिथे एक जास्तीचा थर. गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, त्याचे पैसे लावायचे नाहीत. ते आपल्यातर्फे. आप्पांची होडी तळाला फुटली असं आजवर कोणी येऊन सांगितलं नव्हतं, आणि या गोष्टीचा सगळ्या घराला इतका अभिमान होता की तो बोलून दाखवायचीही पद्धत नव्हती.

"आत्या," पट्टी म्हणाली, "त्या दिवशी साच्यात कापड घालायचं काम तुझ्या हाताखालच्या बायकांकडे होतं."

"होतं."

"मग तुला दिसलं नाही?"

"दिसलं नाही कसं? कापड मीच कापून दिलं."

दादाने कपाळावर हात मारला.

"उगाच डोक्याला हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "पंच्याऐंशीचा माणूस साच्यावर ओणवा होऊन रोलर फिरवतोय, तोंडाने काहीतरी गुणगुणतोय. मी काय त्यांचा हात धरू? तू धरला असतास गं?"

"हो."

आत्याने हाताची घडी सोडली. "धरला असतास. खरंच धरला असतास. म्हणून तर तुला सांगितलं नाही."

दादा काचेतून बाहेर बघत होता. त्याला आवारात आलेलं पहिलं परदेशी पातं आठवत होतं. बंदरावर उतरवताना त्याचं टोक चेपलं होतं आणि काचेच्या कापडाचं काम कोणाला येतं म्हणून वीज कंपनीची माणसं विचारत विचारत या होडीवाल्यांकडे आली होती. तेव्हा टेकडीवर जेमतेम चार पवनचक्क्या होत्या. आता खाडीच्या दोन्ही अंगांना रांगाच्या रांगा उभ्या होत्या, बर्फाचा कारखाना दिवसभर चालत होता, शिलाईच्या दुकानांतून जनरेटरची घरघर गेली होती. पण पाती मात्र अजूनही जहाजातूनच यायची. या मातीत घडलेला हा पहिला संच. तो मान्य झाला तर पुढच्या टेकडीची सगळी पाती या शेडमध्ये घडणार होती. नाही झाला तर पुन्हा दुसऱ्यांची चेपलेली टोकं दुरुस्त करत बसायचं. आणि तो मान्य करणाऱ्या तपासनीस बाई बाहेर शिंकत फिरत होत्या. सकाळपासून त्यांना शेडमधली धूळ बाधत होती.

"पात्याच्या टोकात वजन भरायचा कप्पा असतो ना?" दादा म्हणाला. "तो असतोच कशाला? बाकीच्या दोघांत थोडं भर. काटा जुळेल. यात खोटं काय आहे?"

"काटा जुळेल, वाकणं जुळणार नाही. जिथे थर जास्त तिथे पातं ताठ होतं. जोराच्या वाऱ्यात दोन वाकतील आणि तिसरं तेवढं वाकणार नाही. आज कोणाला कळणार नाही. चार-पाच वर्षांनी मनोऱ्याला कळेल."

"चार-पाच वर्षांनी म्हणजे..." दादाने वाक्य सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. सुरू केल्याचीच त्याला लाज वाटली असावी.

"पोरीचं बरोबर आहे," खिडकीकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून धाकट्याकडे पाहिलं.

"तू बोलतोस हे?" दादा म्हणाला. "होडीवाल्याने पंख्यांच्या धंद्यात पडू नये, असं याच खोलीत ओरडून गेला होतास."

"अजून तेच म्हणतो. पण पडलाच आहात तर नीट पडा."

"म्हणजे आजच्या दिवशी त्या परक्या बाईसमोर आप्पांना मान खाली घालायला लावायची?" आत्याचा आवाज चढला. "तुला काय, तू संध्याकाळी होडीत बसून पलीकडे निघून जाशील."

"आप्पांचं नाव घ्यायलाच नको. शेडची चूक म्हणून सांगा."

"मी सांगते," पट्टी म्हणाली. "आराखडा माझा, सही माझी. कसं झालं ते विचारलं तर... तेव्हाचं तेव्हा बघू."

"थांबा," दादा म्हणाला. त्याचं नाक काचेला टेकलं होतं. "ते काय चाललंय?"

बाहेर आप्पांनी तपासनीस बाईंचा हात धरला होता आणि ते त्यांना तिसऱ्या पात्याच्या कडेकडेने चालवत नेत होते. मध्याच्या जरा पुढे ते थांबले. तिथे त्यांनी पात्यावर दोनदा थाप मारली, पाहुण्यांपुढे नातवाच्या पाठीवर मारावी तशी. मग दोन्ही हात फाकवून रुंदी दाखवली.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "सगळं सांगताहेत."

*

चौघंही धावत पोचली तेव्हा आप्पा शेवटाकडे आले होते.

"...आणि त्याचे पैसे नाहीत हो. लावायचेच नाहीत. ते आपल्यातर्फे."

तपासनीस बाईंनी रुमालाने नाक पुसलं. "फक्त याच पात्यात घातलात, आजोबा?"

"तेवढी रुखरुख आहे बघा. पहिल्या दोघांच्या वेळी मला खोकला झाला. या पोरीने घराबाहेर पडू दिलं नाही. नाहीतर त्यांनाही घातला असता."

बाई पट्टीकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आत्ता कळलं, काट्यावर. तुम्हालाच सांगायला येत होते."

"येत होतात, की सांगायचं का ते ठरवत होतात?"

दादा बुटांकडे बघायला लागला.

"ठरवत होतो," पट्टी म्हणाली. "सांगायचं असं ठरलं होतं."

आप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कौतुकाची वाट बघणारा माणूस, कौतुक येत नाही हे कळायला थोडा वेळ घेतो. "काय झालं? कमी पडला का थर?"

पट्टी त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "आप्पा, होडी एकटी असते. तिला जास्त दिलं तर तिचं भलंच होतं. ही तीन भावंडं आहेत. एकालाच जास्त दिलं तर..."

"तर बाकीच्यांवर ओढ येते," आप्पा सावकाश म्हणाले.

मागे त्यांची तिन्ही मुलं उभी होती. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"हे आम्ही लहानपणापासून सांगत होतो," आत्या म्हणाली.

तपासनीस बाईंना हसू आलं आणि शिंकही आली. दोन्ही एकदम आल्याने त्यांना बराच वेळ बोलता येईना. आप्पा मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले होते. "खरवडून काढू. आत्ता. मीच जातो आत."

"खरवडताना खालचा चांगला थर दुखावेल, आप्पा."

"माझ्यापुढे दोनच वाटा आहेत," बाई म्हणाल्या. "हे पातं बाजूला ठेवा आणि नवं करा. पण टेकडीवरचा मनोरा थांबणार नाही, त्यावर बाहेरून आलेली पाती चढतील. ती बंदरात येऊन पडली आहेत. नाहीतर तिन्ही अगदी सारखी करा. तशी चालतील का याचं गणित मला दाखवा आणि त्याखाली सही करा. शेडची नाही, तुमची स्वतःची."

पट्टी ऑफिसात जाऊन बसली. कोणी तिच्या मागे गेलं नाही. आत्याने तर कोणाला त्या बाजूने चालूही दिलं नाही. काचेतून तिला आप्पा दिसत होते. ते पुन्हा बादलीवर बसले होते, पण आता कशालाच हात लावत नव्हते. ती उठली, खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.

तिला भीती गणिताची नव्हती. हो म्हणायचं आधीच ठरवून आपण गणित त्याच्या मागे ओढत नेऊ, याची होती. म्हणून तिने ते दोनदा केलं. एकदा आप्पांची नात म्हणून, कारण त्याशिवाय हातच चालेना. नंतर कोऱ्या कागदावर, हे पातं कुठल्याशा अनोळखी कारखान्यातून आलं आहे असं समजून, जरा कडकपणाने. तिन्ही पात्यांना तसाच थर तिथेच दिला तर ती किंचित जड होतील, किंचित ताठ होतील, आणि आस व मनोरा ते सहज पेलतील. दोन्ही कागदांवर हेच उतरलं. बाईंनी ते तपासले, मध्ये दोन प्रश्न विचारले, मग पेन पट्टीच्या हातात दिलं.

पट्टीने दोन्ही कागदांखाली सही केली.

*

पातं आतून पोकळ असतं आणि त्यात शिरायचं ते बुडाकडून. तिथे माणूस वाकून आत जाऊ शकतो. पुढे गुडघ्यांवर, आणि मध्याजवळ पोटावर. दादाचं पोट तिथवर गेलं नसतं. धाकटा लहानखुरा होता, होड्यांच्या तळात आयुष्यभर सरपटलेला. "मी जातो," असं तो म्हणालाच नाही. त्याने बूट काढले, मास्क चढवला आणि कमरेला दोरी बांधून घेतली. हवेचा पंखा लावून नळी त्याच्याबरोबर सोडली. आत्याने कापड कापलं. पहिल्या तुकड्याचं माप तिच्या लक्षात होतं, तरी पट्टीने शेजारी उभं राहून मोजलं, आणि आत्याने मोजू दिलं.

आत धाकट्याला वाटलं होतं त्याहून उजेड होता. शेडमधले दिवे पात्याच्या अंगातून झिरपून येत होते, मधासारखे पिवळे. उपड्या घातलेल्या होडीखाली असतो तसाच. लहानपणी तो आणि दादा तशा होडीखाली लपून बसायचे. पात्याचे दोन भाग जिथे चिकटवले होते त्या जोडावरून त्याने बोट फिरवलं. कुठे खळगा नाही, कुठे फुगा नाही. त्याने ठोकून पाहिलं, मग आणखी पुढे जाऊन ठोकलं. दोष सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं म्हणणं अगदीच चुकीचं ठरणार नाही. पण सापडला नाही.

"कसं आहे आत?" बुडाच्या तोंडाशी दिवा धरून उभ्या असलेल्या दादाने विचारलं.

"होडीसारखं." मास्कमधून आवाज घुमला.

"होय?"

"हा जोड कोणी केलाय?"

"मी."

आतून पुन्हा एकदा ठोकल्याचा आवाज आला.

"बरा आहे," धाकटा म्हणाला.

बाहेर दादाने दिवा या हातातून त्या हातात घेतला. धाकट्याच्या तोंडचं "बरा आहे" म्हणजे काय, हे घराबाहेरच्या माणसाला कळणार नाही. "रोलर देऊ?" त्याने विचारलं.

"दे."

आप्पांना आत जायला सगळ्यांनी मनाई केली होती, म्हणून त्यांनी बादली ओढत आणून बुडाशी मांडली होती आणि ते आत तोंड घालून ओरडत होते. "मधून कडेला फिरव रे! हवा राहू देऊ नकोस!"

"माहीत आहे, आप्पा!"

"माहीत आहे म्हणतो. मग त्या निळ्या होडीच्या कुशीत फुगा कोणी ठेवला होता?"

"आप्पा, तेव्हा मी शाळेत होतो!"

"शाळेत तरी कुठे होतास? शाळा बुडवून आला होतास!"

पहिल्या पात्यातून धाकटा बाहेर आला तेव्हा केसांपासून पायांपर्यंत चिकट झाला होता. दादाने स्वतःच्या हाताने त्याचा मास्क काढला, त्याला पाणी दिलं, आणि मग दोघं मिळून दुसऱ्या पात्याच्या बुडाशी गेले.

*

थर वाळल्यावर तिन्ही पाती पुन्हा क्रेनवर चढली. पट्टीने आकडे वाचले नाहीत. तपासनीस बाईंना वाचायला लावले. बाईंनी ते वाचले, सारखे आले, आणि त्यांनी पाकिटातून शिक्का काढला. शिक्का मारून झाल्यावर त्या आप्पांकडे आल्या. "आजोबा, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा आपल्यातर्फे काही नको हं."

"नाही, नाही," आप्पा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरलेलाच होता.

बाई गेल्यावर पट्टी त्यांच्याजवळ आली. "पुढच्या पात्यांना जास्तीचा थर नाही, आप्पा."

"नाही म्हटलं ना गं."

"पण आराखड्यात जो शेवटचा थर आहे, तो तुम्ही घालायचा. प्रत्येक पात्याचा. खोकला झाला तर आम्ही थांबू."

आप्पांनी विचार केला. "तो तर कोणीही घालणारच. त्यात आपल्यातर्फे काय?"

"हात," पट्टी म्हणाली.

आप्पांनी आपले दोन्ही तळवे उलटून पाहिले आणि शर्टाला पुसले. नव्या शर्टाला शेडची धूळ लागली.

*

मनोरा उभा राहून पाती चढली त्या दिवशी सगळं घर टेकडीवर गेलं. सकाळभर वारा नव्हता आणि धाकटा ते सारखं बोलून दाखवत होता. "होडीला निदान वल्ही तरी असतात," तो म्हणाला. आत्याने त्याला डब्यातलं काहीतरी देऊन गप्प बसवलं.

आप्पा दगडावर बसले होते. आजूबाजूच्या रांगांमधल्या पवनचक्क्या ते कित्येक वर्षं पाहत आले होते, पण पाहुण्यांसारख्या. त्यांची कधी चौकशी केली नव्हती. आज मात्र त्यांची नजर या एकीवरून हलत नव्हती. दुपारनंतर उतारावरचं गवत एका बाजूला झुकायला लागलं. वर ब्रेक सुटल्याचा आवाज झाला. पाती इतकी सावकाश हलली, की आधी सावली सरकलेली दिसली आणि मग ती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादाने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि धाकट्याने तो राहू दिला. पट्टी ओठ हलवत फेऱ्या मोजत होती.

"यातलं माझं कुठलं?" आप्पांनी विचारलं.

"ते खाली येतंय ते," धाकटा म्हणाला.

"छे, ते आता वर गेलं," आत्या म्हणाली.

"ते नाही, त्याच्या मागचं," दादा म्हणाला.

"मलाही नाही सांगता येणार, आप्पा," पट्टी म्हणाली.

आप्पांनी पुष्कळ प्रयत्न केला. एका पात्यावर नजर ठरवावी तोवर ते वर जाई आणि त्याच्या जागी अगदी तसंच दुसरं येई. तिन्हींच्या सावल्या एकामागून एक त्यांच्या पायांवरून जात होत्या. वारा वाढला. आता तर पाती वेगळी वेगळी दिसणंही कठीण झालं.

मनोऱ्याच्या दारातून केबल जोडणारा एक माणूस हात पुसत बाहेर आला. त्याने वर पाहिलं, मग शेजारच्या रांगेकडे पाहिलं आणि आप्पांना विचारलं, "आजोबा, ही पाती कुठून आणली हो? आवाज कमी येतोय यांचा."

"आणली नाहीत," आप्पा म्हणाले. ते दगडावरून उठले होते, आधाराला कोणाचा हात न घेता. "आमची आहेत."

"तुमच्या हातचं कुठलं, ते वरचं?" त्या माणसाने गमतीने विचारलं.

"तिन्ही," आप्पा म्हणाले.